झिजलेल्या पात्याचा भाव

वाटणीत सोन्यावरून भांडणं होतात आणि मिटतातही, कारण सोनं तोडता येतं. तोळ्याचे मासे होतात, माशांच्या गुंजा होतात, आणि अगदीच अडलं तर बांगडी आटवून चौघांत सारखी वाटता येते. जळगावच्या सराफ बाजारात वडिलांच्या मागे मी दुकान सांभाळलं, पुढे सरकारमान्य मूल्यांकनकार झालो, आणि जळगाव-धुळ्यातल्या बऱ्याच घरांच्या वाटण्यांचे कागद माझ्या सहीनं झाले. घर अडतं ते न तुटणाऱ्या वस्तूंपाशी. देव्हाऱ्यातली मूर्ती, आजोबांचं खिशातलं घड्याळ, आणि आमच्या भागात हमखास निघणारी तिसरी वस्तू म्हणजे शिकारीची सुरी.

खानदेशात ती निघावी यात नवल नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मधून तापी. बागायतदार, जंगलाचे ठेकेदार, वकील, भुसावळचे रेल्वेतले साहेब, यांची सुट्टी एकेकाळी शिकारीत जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते संपलं. बंदुका कुणी पोलिसांत जमा केल्या, कुणी परवान्यासकट विकल्या. कातडी कसर लागून गेली. सुरी मात्र पेटीच्या तळाशी राहिली, कारण तिची कुणाला आठवणच नव्हती.

मूल्यांकनाला या सुऱ्या येतात त्या चांदीमुळे. म्यानाच्या तोंडाला चांदीची पट्टी, टोकाला टोपी, मुठीला शेंबी. घरच्यांचा हिशेब सरळ असतो: चांदीचं वजन करा, टंच काढा, बाकीचं राहू द्या. बाजारातही पूर्वी हेच चालायचं. चांदी उतरवून मोडीत घ्यायची आणि पातं गिऱ्हाइकाच्या पिशवीत परत टाकायचं.

माझं लक्ष पात्याकडे गेलं तेही चांदीमुळेच. एका शेंबीवर कस लावण्याआधी भिंग धरलं, तर ओळीनं बारीक छाप दिसले. चालणारा सिंह, मुकुट आणि एक इंग्रजी अक्षर. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. मुकुट म्हणजे इंग्लंडातल्या शेफिल्डची तपासणी कचेरी; १७७३ पासून १९७५ पर्यंत तिचं चिन्ह तेच होतं. अक्षर म्हणजे वर्ष. तक्ता उघडला की साल हाती. आपल्याकडे सोन्याला हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला तो २०२१ पासून. तिथे मात्र शिकाऱ्याच्या सुरीच्या एवढ्याशा शेंबीवरही धातू, गाव आणि साल उमटवून ठेवलेलं. शेंबीची चांदी भरली काही ग्रॅम, पण तिनं अख्ख्या सुरीचा जन्मदाखला दिला.

त्यानंतर मी पातं वाचायला शिकलो. मुठीला लागून, धार सुरू होण्याच्या आधी, एक चपटी जागा असते. बनवणाऱ्याचं नाव तिथे असतं. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण म्हणजे एक चांदणी आणि तिच्या शेजारी माल्टीज क्रॉस. ही खूण त्यांना १७६४ मध्ये मिळाली. नावासोबत मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं असतील तर सुरी १९०१ च्या आतली धरायची, राजा जॉर्जची असतील तर १९१० नंतरची. पात्यावर ‘इंग्लंड’ असा देशाचा ठसा असेल तर साधारण १८९० नंतरचा माल, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्यानं देशाचं नाव घालणं भाग पाडलं आणि कारखान्यांनी तो ठसा सगळीकडे चालू ठेवला. पात्यावर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं आणि घरचे म्हणतात पणजोबांनी १९०० साली घेतली, तर मी हसत नाही, फक्त सांगतो की न गंजणारं पोलाद शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ साली काढलं. मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव असेल तर तेही कामाचं, कारण त्यांची मुंबईतली शाखा १८९१ ची.

सगळाच चांगला माल विलायतेचा होता असंही नाही. मद्रास इलाख्यातल्या सालेमच्या अरुणाचलमच्या सुऱ्या एकोणिसाव्या शतकातले गोरे अधिकारी मुद्दाम मागवत. आणि आपल्या शेजारी, तेव्हाच्या औरंगाबादला, बोधराजचं नाव होतं. घोड्यावरून रानडुकराची शिकार करणारे त्याच्या भाल्यांच्या फाळांवर विश्वासून असत. पात्यावर रोमन अक्षरांत त्याचं आणि गावाचं नाव दिसलं की मी खुर्ची पुढे ओढतो. रॉजर्सचे शिक्के मारलेला नकली माल बाजारात भरपूर आला. बोधराजच्या नावाची नक्कल माझ्या पाहण्यात नाही.

मूठ बहुतेक वेळा सांबराच्या शिंगाची. वरून खडबडीत, खाचांची, हातात घट्ट बसणारी. शेफिल्डचे कारागीर हे शिंग हिंदुस्थानातूनच मागवत. म्हणजे इथल्या रानातलं शिंग बोटीनं गेलं, मुठीत बसलं, आणि साहेबाच्या सामानातून किंवा मुंबईच्या दुकानातून परत याच रानात आलं. मूठ पांढरी असेल तर मी कापलेल्या टोकावर भिंग धरतो. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत, बारीक छिद्रांचे ठिपके दिसले तर हाड.

इथून पुढे कायदा सुरू होतो आणि घरच्यांचे चेहरे उतरतात. हस्तिदंताचा व्यापार देशात बंद आहे. आधी इथल्या, मग १९९१ च्या दुरुस्तीनं बाहेरून आलेल्याही. सांबरशिंग ही वन्य प्राण्यापासून केलेली वस्तू, तीही दुकानात मांडून विकता येत नाही. त्याच पेटीत सोन्यात मढवलेली वाघनखं निघतात. आमच्याच बाजारात पूर्वी लहान मुलांच्या गळ्यात घालायला ती मढवून दिली जायची. जुन्या वस्तू जाहीर करायला २००३ मध्ये केंद्र सरकारनं १८० दिवसांची मुदत दिली होती. ज्यांनी तेव्हा कागद केले नाहीत, त्यांना मी आधी वनखात्याकडे पाठवतो. सोन्याचं वजनही त्यानंतरच. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि घरकामाचं वा शेतीचं नसेल, तर शस्त्र कायद्याच्या नियमांत ते हत्यार ठरतं, आणि अधिसूचना असलेल्या भागात त्याला परवाना लागतो. शंभर वर्षं ओलांडलेली कलावस्तू पुरावस्तू ठरली की ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातला शौकीन कितीही देऊ म्हणाला तरी तो आकडा आपल्या कामाचा नाही.

मग किंमत काढायची कशाला, असं लोक विचारतात. वाटणीसाठी. एका भावानं सुरी ठेवली तर दुसऱ्याच्या पारड्यात काहीतरी पडायला हवं. शिवाय किंमत कळली की वस्तू जपली जाते. न कळलेल्या सुरीचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मूल्यांकनाला आणायची म्हणून आदल्या दिवशी धार लावणाऱ्याकडे नेतात. तो चाकावर धरतो, ठिणग्या उडतात, पातं लखलखतं, आणि नावाचा ठसा अर्धा उडतो. आमच्या धंद्यात दागिन्याला पॉलिश केलं की गिऱ्हाईक खूश होतं. इथे उलट आहे. जुन्या पोलादावर करड्या-निळसर रंगाची जी पुटं चढतात ती वयाची साक्ष. ती घासली की साक्षीदार गेला. गंज असेल तर पातळ तेल लावून मऊ फडक्यानं हलकेच पुसायचा. सुरी म्यानात ठेवायची नाही, कारण कातडं ओल धरतं, कमावताना त्यात राहिलेला आम्लांश पोलाद खातो, आणि पितळी खिळ्यांना हिरवा कळंक चढतो. पातं वेगळं, म्यान वेगळं, दोन्ही एकाच कपाटात.

कागदही लागतो. सुरीसोबत विकत घेतल्याची पावती, एखादं पत्र, पाठीमागे नावं लिहिलेला फोटो असला की किंमत बदलते. धुळ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. इतिहासाचार्य राजवाडे घराघरांतली दप्तरं गोळा करत हिंडले, १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. तरी त्याच शहरात फोटोच्या चांदीच्या चौकटी मोडीत जातात आणि फोटो रद्दीत.

धुळ्याच्याच एका घरचं काम माझ्या डोक्यात घर करून राहिलं. वडील जंगलाचे ठेकेदार होते. मागे दोन मुलगे आणि रॉजर्सची एक देखणी सुरी. सांबरशिंगी मूठ, मूळचं म्यान, मागच्या टोकाला कोरलेली आद्याक्षरं. थोरले म्हणाले, “बाबांनी या सुरीनं बिबट्या मारला होता. अंगावर आला तेव्हा.” धाकट्यांनी मान हलवली. गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती.

मी पातं उजेडात तिरकं धरलं. कारखान्यात शेवटचा हात फिरवताना पडलेल्या समांतर रेषा मुठीपासून टोकापर्यंत अखंड होत्या. धारेवर दगडाचा एकही ओरखडा नव्हता. ही सुरी आयुष्यात एकदाही लावलेली नव्हती, आणि कुठल्या हाडावरही कधी पडली नव्हती. असं कोरं पातं म्हणजे सगळ्यात वरचा भाव. मी तसं सांगितलं, आणि खोलीत विचित्र शांतता पसरली. भाव हवा तर बिबट्या सोडावा लागत होता, आणि बिबट्या हवा तर भाव. धाकटे लगेच भावाच्या बाजूला गेले. थोरले म्हणाले, कागदात तेवढी ओळ घालू नका.

कोपऱ्यात आत्या बसल्या होत्या, नव्वदीच्या आसपासच्या. त्या म्हणाल्या, “काय खोटं बोलस रे भाऊ! दादाला साधी कोंबडी कापता यायची नाही. बंदूक चालवायचा तो. सोलायला पाड्यावरनं माणूस यायचा, त्याची सुरी त्याच्या कमरेला असायची.”

सगळे हसले, थोरलेही. कागद झाला, सुरी थोरल्यांकडे गेली आणि धाकट्यांना फरक मिळाला. माझ्या मनात मात्र आत्यांचं शेवटचं वाक्य राहिलं. त्यानंतर हातात आलेल्या सुऱ्यांकडे मी त्याच नजरेनं पाहू लागलो, आणि लक्षात आलं की भारी नावाच्या बहुतेक सुऱ्या जवळजवळ कोऱ्या आहेत. ते साहजिकच होतं. शिकार बंदुकीची, मचाणावरची, हाक्याची. माग काढणारा वेगळा, हाका घालणारे वेगळे, जनावर पडल्यावर सोलणारा वेगळा. मालकाच्या कमरेची सुरी फोटोत दिसायची. जी सुरी खरी राबली ती दगडावर घासून घासून संपली, तुटली, लोहाराच्या भट्टीत गेली. आमच्या बाजाराला जी मिळते ती न राबलेली, आणि न राबल्याचाच तिला भाव.

आमच्या मुलखाचा सगळा शिकारीचा इतिहास असाच लिहिला गेला आहे. पेशवाई गेल्यावर खानदेश कंपनीकडे आला तेव्हा इथे रान माजलेलं होतं. १८२२ च्या मे ते जुलै या तीन महिन्यांत जंगली जनावरांनी पाचशे माणसं आणि वीस हजार गुरं मारली, अशी नोंद खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम आला. धरणगावला त्यानं भिल्लांची पलटण उभारली, आणि भिल्लांचा विश्वास मिळवला तो बऱ्याच अंशी त्यांच्यासोबत पायी वाघामागे जाऊन. दहा वर्षांत १९१ वाघ पडताना तो स्वतः हजर होता, हा हिशेब त्याच्या चरित्रात आहे. त्याच्या थोडं आधी, २८ एप्रिल १८१९ ला, वाघाच्या शिकारीवर निघालेल्या जॉन स्मिथ या घोडदळाच्या अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव व तारीख कोरली. वाघांची मोजदाद झाली, साहेबाचं नाव भिंतीवर राहिलं, रॉजर्सचं पात्यावर. एकशे एक्क्याण्णव वाघ सोलायला किती सुऱ्या झिजल्या, तो हिशेब कुणी मांडला नाही.

अशी एक झिजलेली सुरी शेवटी माझ्या टेबलावर आली. शिरपूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतले तरुण शिक्षक ती घेऊन आले होते, पावरा समाजातले. वर्तमानपत्राच्या घडीत गुंडाळलेली. म्हणाले, “काका, विकायची नाही. माझा आजा साहेब लोकांबरोबर आणि ठेकेदारांबरोबर रानात जायचा. घरात भाऊ म्हणतात भंगार आहे, टाकून दे. तुम्ही काय आहे ते कागदावर लिहून द्या.”

वजन करण्यासारखं त्यात काही नव्हतं. चांदी नाही, नाव नाही, म्यान नाही. मूठ साध्या लाकडाची, चिरलेली, आणि चिरीवर तांब्याची तार घट्ट आवळलेली. मी दिवा जवळ ओढला. पात्याच्या पाठीवर तिरक्या बारीक दातांच्या ओळी अजून होत्या. ही सुरी कुण्या लोहारानं जुन्या कानशीतून घडवली होती. कानशीचं पोलाद कडक, धार धरणारं. लोहाराला ते ठाऊक होतं. मुठीजवळ पातं दोन बोटं रुंद होतं आणि पोटाशी करंगळीएवढं उरलं होतं. म्हणजे धार सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती. कातडं मांसापासून सोडवताना पात्याचं पोट फिरतं, टोक नाही. केसांत अडकलेली माती आणि वाळू तेच पोट बोथट करते, आणि मग दगडावर तेच पुन्हा पुन्हा घासलं जातं. टोक एकदा मोडलेलं होतं आणि नव्यानं घासून काढलेलं. पाठीच्या मधोमध ठोकल्याचे चपटे डाग होते. सांधा उघडायला पातं टेकवून वरून दगड मारला असणार.

मी शिक्षकांना विचारत गेलो, ते आठवून सांगत गेले. उन्हाळ्यात जनावर पडलं की घाई करावी लागे, नाहीतर उकाड्यानं केस सुटतात आणि कातडं वाया जातं. सोललं की आतून मीठ चोळायचं, ताणून सावलीत धरायचं. मग ते मैसूरच्या व्हॅन इंगेनकडे जाई. देशभरच्या शिकाऱ्यांची कातडी भरून देणारा हा कारखाना १९९९ पर्यंत चालला. दिवाणखान्यातल्या भिंतीवर वाघाचा जो जबडा उघडा दिसायचा, त्याचं कातडं फाटू न देता उतरवण्याचं कसब या बिननावाच्या पात्याचं आणि ते धरणाऱ्या हाताचं. आज्याला त्याबद्दल काय मिळायचं, असं मी विचारलं. शिक्षक म्हणाले, “मांस मिळायचं, वाघ नसला तर. आणि कधी एखादा रुपया.”

मूल्यांकनाच्या नमुन्यात बाजारभावाचा रकाना असतो. तिथे मी लिहिलं: नाममात्र. खोटं लिहून कुणाचं भलं होत नाही. पण वर्णनाचा रकाना मी भरत गेलो आणि तो पुरेना. कानशीचे दात, पोटाशी झालेली झीज, नवं काढलेलं टोक, तांब्याची तार, पाठीवरचे घाव, आणि प्रत्येक खुणेतून कुठलं काम कळतं ते. रॉजर्सच्या सुरीचं वर्णन आठ ओळींत आटोपतं, कारण पात्यावरच्या ठशापलीकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतं. या सुरीला जोडकागद लावावा लागला. शिक्षकांनी तो तिथेच उभ्यानं वाचला, आणि दुसरी प्रत मागितली, भावांसाठी.

तेव्हापासून शिकारीच्या सुऱ्यांच्या माझ्या नमुन्यात एक रकाना वाढला आहे: पात्यानं केलेलं काम. त्यात रुपये लिहीत नाही, खुणा लिहितो. काही घरांना तो आवडत नाही. आजोबांच्या सुरीपुढे ‘वापर आढळत नाही’ असं वाचलं की कपाळाला आठी पडते, मग भाव कितीही वरचा असो. काही घरं उलट पेटीत पुन्हा हात घालतात आणि विचारतात, आमच्याकडे एक मोडकी, तार बांधलेली पण आहे, ती आणू का? ती बहुधा आजोबांची नसते. मालकाच्या पडवीत विसरून राहिलेली असते. मी म्हणतो, ती आधी आणा, आणि ती कुणाची होती ते विचारून या.

बाजार बदलेल असं मला वाटत नाही. शौकिनाला नाव हवं, कोरेपणा हवा, मूळचं म्यान हवं, आणि त्याच्या पैशाला तसं मागायचा हक्क आहे. पण वारसा मिळालेल्यांचा व्यवहार शौकिनाशी नसतोच. कायद्यानं बहुतेक सुऱ्या विकताच येत नाहीत, घरातच राहणार असतात. घरात राहणाऱ्या वस्तूचं मोल गिऱ्हाइकाच्या नजरेनं का काढायचं? पुढच्या पिढीला तिच्यातून काय कळेल हे पाहिलं, तर राबलेलं पातं न राबलेल्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. मात्र खुणांचा अर्थ लावायला पात्याशेजारी माणूस लागतो. म्हणून हल्ली फोनवर वेळ ठरवतानाच मी दोन गोष्टी सांगून ठेवतो. सुरी घासू नका, धार लावू नका, आहे तशी आणा. आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बरोबर आणा, मग ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली आत्या का असेना.